नक्को, हौ आणि हशा

जुन्या हिंदी चित्रपटांची श्रेयनामावली मी पुढे ढकलत नाही, वाचतो. रोज हजेरीपट हाताळणाऱ्या माणसाला नावांची यादी दिसली की ती वाचल्याशिवाय राहवत नाही, एवढेच त्याचे कारण. पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. वरच्या ओळीत दिलीपकुमार असतो, तो मूळचा युसूफ खान. अजित असतो, तो हमीद अली खान. जयंत असतो, तो झकेरिया खान. मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ आणि मीनाकुमारी म्हणजे महजबीन. आणि जरा खाली, विनोदी नटांच्या ओळीत आलो की याकूब, आगा, मुक्री, मेहमूद ही नावे जशीच्या तशी.

हा काही लेखी नियम नव्हता. रेहमान होता, सुरैया होती. 'सी.आय.डी.' (१९५६) च्या वेळी वहिदा रेहमानने नाव बदलायला साफ नकार दिला आणि तो चाललाही. तरी कल कोणत्या बाजूला होता हे यादीच सांगते. प्रेम करणाऱ्याला नाव बदलावे लागे, हसवणाऱ्याला लागत नसे. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नायक हा प्रेक्षकाने स्वतःच्या जागी पाहायचा माणूस. त्याच्यात बहुसंख्य प्रेक्षकाला आपला भाऊ, आपला जावई दिसला पाहिजे, असा निर्मात्यांचा हिशेब. विनोदी नटाला कोणी जावई करून घेणार नसते. तेव्हा त्याचे नाव काही का असेना!

श्रेयनामावलीत नाव मुसलमान असले म्हणून भूमिकाही मुसलमानाची असे, असे मात्र नाही. मुक्री कधी मुनीम व्हायचा, कधी शेठजी. आगा नायकाचा मित्र व्हायचा. मेहमूदच्या कितीतरी पात्रांचे नाव 'महेश' असे; 'लव्ह इन टोकियो' (१९६६) मध्ये जपानी गेइशाच्या वेषात धमाल उडवणाराही महेशच. नट मुसलमान, पात्र हिंदू आणि हशा सगळ्यांचा. यात वाईट काही नाही, उलट ते दिवस या बाबतीत उदार होते असेच म्हणावे लागेल. पण मग मुसलमान पात्र विनोदी चित्रपटात येई तेव्हा कसे येई? तो कसा बोले? आणि त्याच्याबरोबर हसायचे होते की त्याला हसायचे होते? हिंगोलीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पडतो, कारण तो वर्गात रोज समोर बसलेला असतो. त्याकडे येण्याआधी थोडा इतिहास पाहू.

चित्रपट मुका होता तेव्हा विनोद सगळा अंगाचा होता. पाय घसरणे, पिठाच्या पोत्यात पडणे, एकाला मारलेली थप्पड दुसऱ्याला बसणे. इंग्रजीत ह्याला स्लॅपस्टिक म्हणतात. मूळ शब्द दोन लाकडी पट्ट्यांच्या सोट्याचा. मारला की आवाज मोठा, लागणे कमी. पडणाऱ्या माणसाला जात नसते, बोली नसते. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा १९१४ च्या सुमारास 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म केली होती. चार्ली चॅप्लिन जगभर चालला तो याच बळावर. आपल्याकडे पोरबंदरच्या बाजूच्या नूर मोहंमदने त्याची मिशी उचलली आणि नावही उचलले. १९३३ साली 'द इंडियन चार्ली' आला आणि तेव्हापासून तो नूर मोहंमद चार्ली झाला. मुसलमान नटाने विनोदासाठी नाव घेतले ते असे साहेबाचे. पुढे बद्रुद्दीन काझीने तर थेट व्हिस्कीच्या बाटलीवरचे घेतले. त्याच्याकडे नंतर येतोच.

त्याच काळात मुंबईच्या रणजित स्टुडिओत एक जोडी जमली होती. मनोहर जनार्दन दीक्षित आणि नझीर मोहंमद घोरी. दीक्षित नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे, घोरी मुंबईचे. 'चार चक्रम' (१९३२) पासून ही जोडी एकमेकांच्या अंगावर पडत, एकमेकांच्या खोड्या काढत लोकांना हसवू लागली आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणू लागले. सिन्नरचा दीक्षित आणि मुंबईचा घोरी! आज कोणी अशी जोडी जमवली तर तिच्याभोवती 'सलोखा', 'ऐक्य' असे शब्द लावले जातील, सत्कार होतील. तेव्हा ती फक्त एक विनोदी जोडी होती आणि मला वाटते तेच तिचे मोठेपण होते. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले, नूर मोहंमद चार्लीही गेला. दीक्षित १९४९ साली वारले. फाळणीच्या नुकसानीचा हिशेब मांडताना ही तुटलेली जोडी कोणी धरत नाही.

१९३१ च्या 'आलम आरा'ने चित्रपटाला जीभ दिली. हळूहळू विनोद अंगावरून जिभेवर सरकला. कोण कसा बोलतो, हाच विनोद होऊ लागला. पारशी बावाजीचे हिंदी, बंगाली बाबूचे हिंदी, मद्राशाचे हिंदी. मुका विनोद सगळ्यांना सारखा आपटत होता. बोलक्या विनोदात एक जण शुद्ध बोलणारा असावा लागतो आणि दुसरा अशुद्ध. शुद्ध बोलणारा सहसा आपटत नाही.

मधल्या पिढीतली दोन माणसे मात्र मला वेगळी वाटतात. त्यातला एक आपल्याच मातीतला. मोहंमद उमर मुक्री रायगडच्या उरणचा, कोकणी मुसलमान, जन्म १९२२. चित्रपटात येण्याआधी तो मदरशात मुलांना शिकवत असे. म्हणजे एका अर्थी आमच्याच व्यवसायातला. दिलीपकुमारचा तो शाळासोबती. 'प्रतिमा' (१९४५) मधून आला आणि जवळपास पंचावन्न वर्षे पडद्यावर राहिला. त्याची उंची हाच त्याचा विनोद मानला गेला. घरात कोकणी बोलणाऱ्या ह्या माणसाला पडद्यावर कोकणी बोलायला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला तय्यब अली ही त्याची लोकांच्या लक्षात राहिलेली मुसलमान भूमिका: मुलीच्या प्रेमाआड येणारा, कव्वालीत भर बाजारात फजीत होणारा बाप. अकबराने गावे आणि तय्यब अलीने चिडावे. दोघेही मुसलमान असल्यामुळे तिथला हशा कोणाला बोचत नाही.

दुसरा बद्रुद्दीन काझी, म्हणजे जॉनी वॉकर. इंदूरच्या गिरणी कामगाराचा मुलगा, मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर. बलराज साहनींनी त्याला हेरले आणि गुरुदत्तांनी 'बाझी' (१९५१) मध्ये घेतले. दारुड्याची बेमालूम नक्कल करणारा हा माणूस आयुष्यभर दारूला शिवला नाही, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या 'प्यासा' (१९५७) मधल्या अब्दुल सत्तारबद्दल मात्र लोक फक्त चंपीच्या गाण्यापुरते बोलतात. मला तो चित्रपटातला फार महत्त्वाचा माणूस वाटतो. कवी विजयला सख्खे भाऊ ओळख दाखवत नाहीत, मित्र पैशासाठी फिरतात, प्रकाशक त्याच्या मरणाचा धंदा करतो. आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढायला कोण येतो? तेलाची बाटली घेऊन फिरणारा अब्दुल सत्तार. तो विनोदी आहे, गरीब आहे, मुसलमान आहे आणि यातल्या कोणत्याही गोष्टीबद्दल चित्रपट त्याला हसत नाही. तो हसवतो आणि आपण त्याच्या बाजूने हसतो. पुढे 'आनंद' (१९७१) मधला इसाभाई सुरतवाला याच घराण्यातला.

आता मेहमूद.

१९६५ साली 'गुमनाम' आला. दिग्दर्शक राजा नवाथे, म्हणजे मराठी माणूस. एका निर्जन बेटावरचा वाडा, एकामागून एक खून आणि त्या वाड्यात लुंगी नेसलेला एक आचारी-बटलर. तो बटलर मेहमूद. आणि हा बटलर बोलतो दखनी! 'नक्को', 'कायकू', 'हौ' हे शब्द इतक्या जोरात आणि इतक्या वेळा हिंदी पडद्यावर बहुधा पहिल्यांदाच आले. चित्रपट तुफान चालला आणि त्यातला मेहमूद अधिक चालला.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडच्या मुसलमान घरांत आजही बोलली जाते ती दखनीच. माझे मामू सांगत, की टॉकीजमध्ये मेहमूदच्या तोंडून पहिला 'नक्को' आला तेव्हा माणसे बाकांवर उभी राहिली होती, शिट्ट्या वाजल्या होत्या. मी ह्या आनंदाला कमी लेखणार नाही. ज्या लोकांनी पडद्यावर आजवर लखनवी 'आप' आणि 'तशरीफ' ऐकले होते, त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरातली बोली ऐकली. आपला आवाज आरशात दिसावा तसा तो अनुभव असणार. पण आमच्या बोलीला पडद्यावर जागा मिळाली ती स्वयंपाकघरात. नायक-नायिका शुद्ध बोलत राहिले. पुढची चाळीस वर्षे दखनी बोलणारा माणूस म्हटला की नोकर, गुंडाचा हस्तक, पानवाला किंवा मूर्ख, हे जवळपास ठरून गेले. गोवळकोंड्याच्या मुलखात जन्मलेला, निजामी राज्यातच शिकलेला अजित खलनायक झाला तेव्हा त्याच्या तोंडी दखनीचा एक शब्द आला नाही. खलनायकालाही प्रतिष्ठा असते. ती विदूषकाला नसते.

मेहमूद स्वतः दखनी नव्हता, मुंबईत जन्मला आणि वाढला. त्याने ही बोली नक्कल म्हणून उचलली, तशीच पुढे 'पडोसन' (१९६८) मध्ये शेंडीवाल्या मद्रासी संगीत मास्तरची उचलली. तमिळ माणसाला ते मास्तरजी पाहताना काय वाटत असेल, ह्याचा अंदाज 'गुमनाम' पाहिलेला हिंगोलीकर करू शकतो. स्वतः अल्पसंख्य समाजातला नट दुसऱ्या समाजाच्या जिभेवर पोट भरतो, हे नोंदवले पाहिजे. त्याच्या कलेवर माझे प्रेम आहे. 'कुंवारा बाप' (१९७४) मध्ये पोलिओ झालेल्या मुलाला वाढवणारा रिक्षावाला त्यानेच उभा केला आणि तो त्याच्या घरच्या दुःखातून आला होता. तरीही.

दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू, असा समज पसरायला अशा चित्रपटांची मदतच झाली. वस्तुस्थिती उलटी आहे. दिल्लीत अजून फारसीतच लिहिणे चालू होते तेव्हा गोवळकोंड्याचा मोहंमद कुली कुतुबशहा दखनीत दिवान लिहीत होता. औरंगाबादच्या वलीने ती गझल दिल्लीला नेली आणि तिथल्या शायरांना कळले की ह्या भाषेतही कविता होते. आणि तिचे दुसरे नाते मराठीशी. 'मुझे नहीं चाहिए' हे पाठ्यपुस्तकातले उर्दू. 'मेरेकू नक्को' हे माझ्या विद्यार्थ्याच्या घरातले. 'मला नको' हे त्याच्या मराठीच्या तासातले. 'मैंच गया था' ह्यातला 'च' मराठीचा, 'मीच'मधला. 'आहिस्ता बोलो'ला आमच्याकडे 'हल्लू बोल' म्हणतात, म्हणजे हळू बोल. मराठी प्रेक्षक मेहमूदच्या 'नक्को'ला हसत होता तेव्हा तो अर्धा स्वतःच्या आजीच्या शब्दाला हसत होता, हे त्याला कोणी सांगितले नाही.

ह्या बोलीतला मुसलमान मराठी साहित्यात विनोदी पात्र म्हणून फार आधी आला आहे. सोळाव्या शतकात, आमच्याच मराठवाड्यात. पैठणच्या एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' घ्या. हिंदू मराठीत बोलतो, तुर्क त्याच्या हिंदुस्थानीत. दोघे एकमेकांच्या देवाधर्मावरून, आचारावरून असे तुटून पडतात की आज कोणी रंगमंचावर केले तर पोलीस बंदोबस्त लागेल. पण नाथांनी तराजू कुठे झुकू दिला नाही. एक टोला याचा की एक टोला त्याचा. ज्याची त्याला भाषा, ज्याला त्याला पाळी. शेवटी दोघे एकमेकांना नमस्कार-आलिंगन करून मोकळे होतात. थट्टा करायला नाथांची हरकत नव्हती. एकालाच सोटा आणि दुसऱ्यालाच पाठ, असे मात्र त्यांनी केले नाही. मला 'गुमनाम'मध्ये उणीव दिसते ती हीच. बटलरला परत टोला हाणायची पाळी येत नाही.

मेहमूदच्याच 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) मध्ये नाथांचा हा तराजू मला पुन्हा थोडासा दिसतो. एक बस, ड्रायव्हर राजेश आणि कंडक्टर खन्ना. मेहमूद त्यात कंडक्टर आहे आणि ड्रायव्हर त्याचा सख्खा भाऊ अन्वर अली. बसमध्ये देशभरचे नमुने: मुक्री आणि मनोरमाचे भजी-पकोड्यांसाठी हपापलेले पोर, सतत झोपणारा केश्टो मुखर्जी, ललिता पवार, आगा. कोणालाच सोडलेले नाही. सगळेच वेडे असल्यामुळे कोणी एकटा वेडा ठरत नाही. कथा तमिळ चित्रपटावरून घेतलेली होती, हेही ध्यानात ठेवावे.

दोन वर्षांमागची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या मुलांनी आपले आपण एक विनोदी नाटुकले बसवले. बंगल्याचा साहेब, त्याचा नोकर, एक चोर आणि एक इन्स्पेक्टर. तालीम बघायला गेलो तर साहेब आणि इन्स्पेक्टर पुस्तकी उर्दूत बोलत होते आणि नोकर आणि चोर दखनीत. संवाद कोणी लिहून दिलेले नव्हते. साहेब झालेल्या मुलाचे वडील ऑटो चालवतात, घरात दखनीशिवाय दुसरा शब्द नाही. त्याला विचारले, बाबा, तू असा का बोलतोस? तो म्हणाला, "साहब लोगाँ अपने जैसा नै बोलते सर." हे उत्तरही त्याने दखनीतच दिले. बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. 'गुमनाम' ह्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता.

इतिहासात हा प्रकार इतरांनाही भोगावा लागला आहे आणि एकाने तो उलटवूनही दाखवला आहे. मेहमूदचा जन्म मुंबईत २९ सप्टेंबर १९३२ चा. त्याच मुंबईत त्याच वर्षी ८ ऑगस्टला नायगावच्या कामगार वस्तीत दुसरा एक मुलगा जन्मला होता, कृष्णा कोंडके. मराठी चित्रपटातही खेडवळ बोली बराच काळ गड्याची, शिपायाची, सोंगाड्याची होती. 'ब्रह्मचारी' (१९३८) पासूनचा मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांचा विनोद थोर, पण शहरी आणि शिकलेल्यांचा. दादा कोंडक्यांनी 'सोंगाड्या' (१९७१) केला आणि लोंबत्या नाडीचा, आईला 'आये' म्हणणारा नाम्या नायकच करून टाकला. बोली तीच, बावळेपणा तोच, जागा बदलली. आता टोला खायची पाळी पाटील, इनामदार आणि शहरी साहेबाची. त्यांच्या द्व्यर्थी संवादांबद्दल, बायकांच्या चित्रणाबद्दल पुष्कळ बोलता येईल. शाळामास्तर म्हणून मला ते बोलायलाच हवे, पण ती वेगळी चर्चा. ज्या बोलीला लोक हसत होते तिच्या मालकाला त्यांनी पडद्याच्या मधोमध उभे केले, हे खरे. हे त्यांना तमाशाने शिकवले. सोंगाड्या राजालाही टोलवतो, ही फडाची जुनी रीत. त्या फडावर पेशवाईच्या काळात जेजुरीचा शिकलगार सगनभाऊ गाजला होता, म्हणजे ह्या परंपरेत आमचाही वाटा आहेच.

दखनीला असा दादा कोंडके मिळाला नाही. मराठी विनोदी चित्रपटात तर मुसलमान घर जवळजवळ दिसतच नाही. ऐंशीच्या दशकातली ती सगळी धमाल मी कितीदा पाहिली आहे. 'धूमधडाका' (१९८५) ज्या तमिळ कथेवरून आला तिचाच हिंदी अवतार 'प्यार किये जा' (१९६६), त्यात मेहमूद. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) ज्यावरून आला तो 'बीवी और मकान' (१९६६), त्यातही मेहमूद. मेहमूदच्या अंगणातून कथा आल्या, पण त्यांच्याबरोबर शेजारचा एखादा शेखभाई, एखादी फातिमाचाची काही आली नाही. पुण्यात खोली शोधत फिरणाऱ्या त्या चार पोरांत एखादा सलीम असता तर? खोली मिळवण्यासाठी त्याला कोणते सोंग घ्यावे लागले असते, ह्यावर दुसरा एक चित्रपट निघाला असता. तोही विनोदीच झाला असता, असे मला वाटते. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

दखनीला पडद्यावर पहिल्यांदा मानाने रडू दिले ते श्याम बेनेगलांनी, 'अंकुर' (१९७४) मध्ये. पण हसवण्याच्या बाबतीत वाट २००६ पर्यंत पाहावी लागली. त्या वर्षी हैदराबादेत स्थानिक पोरांनी केलेला 'द अंग्रेज' आला. मी तेव्हा शाळकरी होतो. सीडीवर गल्लीत एकाच्या घरी वीस-पंचवीस जण कोंबून आम्ही तो पाहिला. चारमिनारजवळ चहा पीत गप्पा छाटणारे इस्माईलभाई आणि थापाड्या सलीम फेकू, आणि परदेशातून आलेले दोन साहेब. बोली 'गुमनाम'चीच. फरक एवढाच की इथे सगळेच तसे बोलतात आणि इंग्रजी झाडणारे परदेशी पाहुणे फजीत होतात. इस्माईलभाई झालेला नट धीरचरण श्रीवास्तव, म्हणजे 'महेश'च्या बरोबर उलटा प्रकार. नट हिंदू, पात्र मुसलमान आणि अस्सलपणात तसूभर कमी नाही. कोणाची भूमिका कोणी करावी यावर हल्ली वाद झडतात. मला त्यापेक्षा संवाद कोणाच्या बाजूने लिहिले आहेत हे अधिक महत्त्वाचे वाटते.

आणि मालेगाव. हे तर आपल्या महाराष्ट्रातलेच. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे, आज यंत्रमागांचे गाव. त्यांची बोली आमच्यासारखी नाही, तिला उत्तरेचा वास आहे आणि खानदेशाचाही. तिथे शेख नासीर नावाच्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने 'मालेगाव के शोले' (२०००) केला. घरची माणसे, भाड्याचा कॅमेरा. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. मूळच्या 'शोले'त (१९७५) मुसलमान दोन प्रकारचा होता: रडणारा इमामसाहेब, जो ए. के. हंगलांनी केला, आणि थापा मारणारा सूरमा भोपाली, जो जगदीपने, म्हणजे सय्यद इश्तियाक अहमद जाफरीने केला. मालेगावच्या 'शोले'त जय-वीरूपासून गब्बरपर्यंत सगळेच आपले.

पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा त्यातला सुपरमॅन. हडकुळा, निळ्या कपड्यातून चड्डीचा नाडा लोंबणारा. तो उडतो, पडतो, गावच्या धुळीने त्याला दम लागतो. फैझा अहमद खान यांनी ह्या चित्रीकरणावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट केला आहे, तो मिळवून जरूर पाहावा. ज्या वर्षांत मालेगावचे नाव वृत्तपत्रांत फक्त बॉम्बस्फोटांमुळे येत होते, २००६ आणि २००८, त्याच वर्षांत हे लोक एका माणसाला लाकडी दांड्याला बांधून उडवण्याच्या खटपटीत होते. गावातल्या मुली पडद्यावर येत नव्हत्या, नायिका बाहेरून आणावी लागली. विनोदातल्या प्रतिनिधित्वाची चर्चा करताना आपल्या समाजाने स्वतःच्या लेकींना किती जागा दिली, हेही मोजावे लागेल आणि ते मोजमाप आपल्याला फारसे अनुकूल निघणार नाही. तंबाखूच्या नादी लागलेल्या गावाचा सुपरमॅन असलेला शफीक नंतर कर्करोगाने गेला. २०२५ साली 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला, त्यात शफीकची भूमिका शशांक अरोरा यांनी केली आहे आणि मनापासून केली आहे.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी आठवीच्या वर्गाला मोबाईलवरून प्रोजेक्टर जोडून 'मालेगाव का सुपरमॅन'चा थोडा भाग दाखवला. शेजारच्या मराठी शाळेतली पाच-सहा मुलेही खिडकीशी येऊन उभी राहिली. सुपरमॅन आपटला तेव्हा दोन्हीकडची मुले एकदमच हसली. मग खिडकीतल्या एकाने विचारले, "सर, हा इकडचा हाय का?" आमच्या वर्गातून उत्तर गेले, "हौ."